लिहिण्याच्या कामाची वेबसाइट : प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार

सोयाबीन सोंगून झालं, गंजी लागली, थ्रेशर आठवड्यानं येईल. पऱ्हाटीची (कपाशीची) पहिली वेचणी दसऱ्यानंतर. मधल्या वेळात हे काम सुरू करते आहे: माझ्या लेखन व्यवसायाची वेबसाइट.

नागपूरची उपसंपादकाची नोकरी सोडून समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावी परत आल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून कामं तोंडोतोंडी येतात. हिंगणघाटच्या एकानं वर्ध्याच्या दुसऱ्याला सांगितलं, त्यानं वणीच्या तिसऱ्याला. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे वार्षिक अहवाल, माहितीपत्रकं, शाळांच्या स्मरणिका, इंग्रजी पुस्तिकांचे अनुवाद. गेल्या महिन्यात तिघांनी एकच विचारलं, "तुमचं काम कुठं पाहायला मिळेल?" मी प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवत बसले. पुण्याच्या एका बाईंनी लिंक मागितली. लिंक नव्हती. ते काम गेलं.

गुरुवारी, ३ तारखेला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या रात्री ठरवलं की साइट पूर्ण मराठीत असेल आणि इंग्रजीचं एकच पान असेल. याच्या उलट करायचा सल्ला दोघांनी दिला आहे. पण मी विकते ते मराठी लिहिणं. दुकानाच्या पाटीवरच दुसरी भाषा असेल तर गिऱ्हाइकानं काय समजायचं?

९ ऑक्टोबर

डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याचा, विचार. मनात होतं देवनागरीतलं 'डॉट भारत'. २०१४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी होतं, त्यात मराठी होती. पत्ता मराठीत दिसला असता तर मला फार आवडलं असतं. मावसभावानं (हिंगणघाटला संगणक शिकतो) एका ओळखीच्याचा देवनागरी पत्ता मेसेजमध्ये चिकटवून दाखवला. पलीकडे पोचला तो रोमन अक्षरं आणि आकड्यांचा गुंता. शिवाय त्या पत्त्याचा ईमेल कितीतरी ठिकाणचे फॉर्म नाकारतात. ज्याला मला पैसे पाठवायचे आहेत त्याचा फॉर्म माझा ईमेल नाकारत असेल तर आवडीला बाजूला ठेवावं लागतं. 'डॉट इन' घेणार, माझ्याच नावाचं.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी सोनं वाटून झाल्यावर डोमेन घेतलं. होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) धरून वर्षाचे ३,४०० रुपये. दुसऱ्या वर्षाचा दर बारीक अक्षरात होता आणि तो जवळपास तिप्पट आहे, तो आजच हिशेबाच्या वहीत लिहून ठेवला.

साइट बांधायला वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर घेतलं आहे, स्वतःच्या होस्टिंगवर बसवायचं असतं ते. त्याचा कारभाराचा पडदा मराठीत मिळतो. आणि दुरुस्ती मोबाइलवरून करता येते, वावरात बसूनसुद्धा.

१५ ऑक्टोबर

पहिल्या पानाचा मजकूर लिहायला बसले आणि लाज वाटेल असा मजकूर निघाला. 'दर्जेदार, सर्जनशील आणि परिणामकारक लेखनसेवा. आपल्या गरजेनुसार सर्वसमावेशक उपाय.' हे मी लिहिलं! दुसऱ्याच्या प्रतीतून असली वाक्यं कापायचेच पैसे मला दैनिकात मिळत होते.

सगळं पुसलं. मग स्वतःला विचारलं: चौकातल्या चहाच्या टपरीवर कोणी विचारलं, "तू करते काय?", तर काय सांगशील? त्याचंच उत्तर लिहिलं:

'मी मराठीत लिहून देते. कंपनीचा अहवाल, पाकिटावरचा मजकूर, माहितीपत्रक, भाषण, अनुवाद. वर्धा जिल्ह्यात राहते. काम महाराष्ट्रातून कुठूनही घेते.'

चार वाक्यं. विशेषण एकही नाही. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे समजते."

१९ ऑक्टोबर, शनिवार

आजचा अख्खा दिवस अक्षरांत गेला. सविस्तर लिहून ठेवते, कारण मराठी साइट करणाऱ्या प्रत्येकाला हे आडवं येणार आहे.

थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, सुंदर होती, पण ती रोमन अक्षरांसाठी आखलेली. तिच्या मथळ्यांत अक्षरांमध्ये थोडं जास्तीचं अंतर सोडलेलं असतं. रोमनमध्ये ते शोभतं. मराठीत शिरोरेषा तुटते. 'लेखन' हा शब्द ले, ख, न असा तीन तुकड्यांत लटकला होता, दोरीवर वाळत घातल्यासारखा. ते अंतर शून्य केलं आणि शब्द पुन्हा एका रेषेखाली आला.

दुसरी गोष्ट ओळींमधल्या अंतराची. आपल्या लिपीला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं. थीमच्या हिशेबात वरच्या ओळीतल्या 'पूर्तता'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'सर्वांना'च्या रफारावर चढत होता. अंतर अक्षराच्या आकाराच्या पावणेदोन पट केलं तेव्हा पान मोकळं झालं.

तिसरी, मला सर्वांत लागलेली. फाँट बदलून पाहिला तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले. आपण शाळेत पाकळीचा ल गिरवला. शासनाच्या २००९ आणि २०२२ च्या वर्णमालेच्या निर्णयांतही मराठीचे ल आणि श कसे लिहायचे ते स्पष्ट आहे. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला सांगावं लागतं. आमच्याकडे सेटिंगमध्ये भाषा इंग्रजीच राहिली होती. ती बदलली, तरी त्या फाँटमध्ये फरक पडेना. शेवटी मथळ्यांसाठी तिरो देवनागरी मराठी घेतला. तो मराठी वळणासाठी वेगळा केलेला आहे, हिंदी आणि संस्कृतसाठी त्याच घराण्यातले दुसरे आहेत. मजकुरासाठी 'मुक्त' नावाचा फाँट, मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचा. दोन्ही फुकट आणि खुल्या परवान्याचे.

मावसभाऊ म्हणाला, "ताई, लोकाईले ल मधला फरक समजते तरी काय?" मी म्हटलं, डोळ्याला समजतो, तोंडाला सांगता येत नाही. वाचणाऱ्याला वाटतं की हे आपल्याकडचं आहे. मला तेवढंच हवं आहे.

२० ऑक्टोबर

पानांचे पत्ते रोमन लिपीत ठेवायचे ठरलं. मराठीत ठेवले तर कॉपी करताना एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि 'आमचे काम' एवढ्या दोन शब्दांचा पत्ता ओळभर लांबतो.

२४ ऑक्टोबर

नमुने. इथं गाडं अडलं आहे.

तीन वर्षांत लिहिलेल्यातलं बरंचसं दुसऱ्याच्या नावानं छापलेलं आहे. अहवालावर अध्यक्षांचं नाव, भाषणावर बोलणाऱ्याचं, आत्मकथनावर ज्यांचं आयुष्य त्यांचं. ते तसंच असायला हवं. पण मग माझं म्हणून दाखवू काय?

कायद्याची बाजू वाचून काढली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, नोकरीत नसलेल्या लेखकाचा हक्क सहसा पहिल्यांदा त्याचाच असतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. लेखीत मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणजे माझ्या अर्ध्याअधिक कामांत, जी फक्त फोनवर ठरली, हक्क माझ्याकडेच आहे. पण तोंडी दिलेला शब्द हाही शब्दच असतो. म्हणून प्रत्येकाला फोन करून परवानगी मागायची ठरवली.

नऊ फोन केले. पाच जण हो म्हणाले. दोघांनी सांगितलं, नाव काढून दाखवा. एका संस्थेनं उत्तर दिलं नाही; तिच्याकडे माझे गेल्या वर्षीचे पैसेही अडकले आहेत. नववे आमच्या भागातले निवृत्त मुख्याध्यापक, त्यांचं आत्मकथन मी आठ महिने बसून लिहिलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरी, घरच्याईले वाटते मीच लिवलं." मी म्हटलं, सर, तुम्हीच लिहिलं, मी उतरवून घेतलं. त्या पुस्तकाचा साइटवर उल्लेख येणार नाही. ते माझं आतापर्यंतचं सर्वांत चांगलं काम आहे आणि ते इथं या वहीत राहील.

२ नोव्हेंबर

दिवाळीत काम बंद. पाडव्याला गाई-बैलांच्या मागे.

६ नोव्हेंबर, बुधवार

नमुन्यांचा प्रश्न सुटला. शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या काकूंनी सोडवला.

त्यांचा गट हळद दळून विकतो. नवीन पाकीट छापायचं आहे. त्या जुनं पाकीट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "याच्यावरचं लिवणं बदलून दे. पैसे देऊ, पण जास्तीचे नाही." मी म्हटलं, पैसे अर्धे द्या आणि जुना व नवा दोन्ही मजकूर मला साइटवर दाखवू द्या. त्या हसल्या. "दाखव नं. चोरी थोडीच केली."

जुन्या पाकिटावर होतं: 'अस्सल वायगाव हळद. १००% शुद्ध व नैसर्गिक. कर्करोग, मधुमेह, सांधेदुखीवर रामबाण.'

तीन वाक्यं आणि तिन्हींत अडचण. ओसरीवर बसून आम्ही एकेक घेतलं.

वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वायगाव आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांना ते नाव आपलंच वाटतं. पण मानांकनाचं नाव पाकिटावर लावायचा हक्क ज्यांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद आहे त्यांनाच असतो. गटाची नोंद नाही. काकूंना हे पटायला वेळ लागला. "बेणं तर तिथलंच हाय," त्या म्हणाल्या. बेणं तिथलं असेल, नोंद नाही, म्हणून नाव नाही. नोंदीचा अर्ज करता येतो, तो त्या करणार आहेत.

'शुद्ध', 'नैसर्गिक', 'अस्सल' या शब्दांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या दाव्यांच्या नियमांत अटी आहेत. आणि अन्नाच्या पाकिटावर रोग बरा होतो असं लिहायला मनाई आहे. ते मी कायद्यात नसतं तरी लिहिलं नसतं. आमच्या गल्लीत एका बाईनं औषध सोडून काढ्यावर भरवसा ठेवला होता. मी तिला शेवटपर्यंत पाहिलं आहे.

मग विचारलं, "काकू, तुम्ही हळद करता कशी, तेवढं सांगा." त्या अर्धा तास बोलल्या. गड्डे कसे निवडतात, कढई कुठली, वाळवताना रोज संध्याकाळी गोळा करून ताडपत्री का टाकतात (दव पडलं की रंग मरतो), दळताना चक्की गरम झाली की का थांबतात. त्यातून हे निघालं:

'आमच्या गावच्या वावरातली हळद. फेब्रुवारीत काढली, शिजवली, पंधरा दिवस उन्हावाऱ्यात वाळवली. चक्की तापू न देता हळूहळू दळली. हळदीशिवाय यात दुसरं काही नाही. गटातल्या अकरा जणींनी केली.'

काकूंनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं. 'अकरा जणींनी' वर थांबल्या आणि पदरानं चष्मा पुसला.

मागच्या बाजूला वजन, किंमत, बॅच, तारीख, पत्ता, शाकाहारी खूण आणि परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. तोही मजकूरच असतो, आणि तो चुकला तर माल परत येतो.

साइटचं मुख्य पान आता हेच. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं, खाली प्रत्येक बदलाचं कारण. मी काय करते हे यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

७ नोव्हेंबर

डावी-उजवी मांडणी मोबाइलवर चिमणीएवढ्या अक्षरांची झाली. वर जुनं, खाली नवं असं केलं.

११ नोव्हेंबर

दर. साइटवर लिहायचे की नाही यावर दोन दिवस घालवले. शहरात शब्दावर दर सांगतात. इथं कोणाला विचारलं 'किती शब्द हवेत?' तर समोरचा गोंधळतो, आणि ते बरोबरच आहे; पाकिटावरचे तीस शब्द अहवालातल्या तीनशे शब्दांपेक्षा जास्त वेळ घेतात. म्हणून कामावर दर: पाकिटाचा मजकूर, दोन्ही बाजू, २,००० रुपये. चार पानी माहितीपत्रक ४,५००. अनुवादाला मात्र शब्दावरच, कारण तिथं मूळ मोजता येतं. दोन दुरुस्त्या दरात धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे.

निम्मे पैसे आधी. त्याला 'आगाऊ रक्कम' लिहिलं होतं, खोडून 'इसार' केलं. जमिनीचा, बैलजोडीचा इसार देऊन माणूस व्यवहार पक्का करतो, मागे फिरत नाही. हा शब्द लिहिला की अटींचा परिच्छेद निम्म्यानं कमी होतो.

खाली एक ओळ: उद्यम नोंदणी आहे; जीएसटी नाही, कारण वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे. पुण्या-मुंबईच्या संस्था हे पहिल्याच फोनला विचारतात.

१४ नोव्हेंबर

वेग. काकूंच्या ओसरीचे फोटो मोबाइलमधून जसेच्या तसे चढवले होते, एकेक चार एमबीचा. घरच्या वायफायवर काही जाणवलं नाही. आज वेचणीला वावरात गेले, आईच्या फोनवर साइट उघडली. सिग्नलची एक काडी. पान पांढरं. एक ओळ वेचून परत आले तरी पांढरंच.

पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गूगलचं माप आहे. माझ्या गिऱ्हाइकांतले निम्मे असेच एका काडीवर साइट बघणार. संध्याकाळी फोटो लहान करून वेबपी प्रकारात साठवले, प्रत्येकी ९० केबीच्या आत. सरकती चित्रपट्टी काढली. फाँट स्वतःच्या होस्टिंगवर ठेवले, लागतील तेवढ्याच जाडीचे. मुख्य पान ४०० केबीवर आलं. प्रत्येक फोटोला वर्णनही लिहिलं, म्हणजे फोटो आला नाही तरी तिथं काय आहे ते वाचता येतं.

१५ नोव्हेंबर, सकाळी पुन्हा वावरात. उघडलं. आईनं कापसाच्या ओटीतून हात काढून स्वतः वाचलं.

१८ नोव्हेंबर

संपर्काच्या पानावर फॉर्म ठेवला होता, काढला. आमच्याकडे कोणी फॉर्म भरत नाही, फोन करतात. त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. दोन दिवस ते चालत नव्हतं आणि मला कळलंही नाही. नंबराआधी शून्य लावला होता. तिथं ९१ आणि थेट दहा आकडे लागतात, अधिक चिन्हसुद्धा नाही.

परवा विधानसभेचं मतदान. दोन उमेदवारांच्या पत्रकांची कामं झाली, होस्टिंगचे पैसे त्यातच निघाले. दोन्हीवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे ना, तो कायद्यानं लागतो, हे छापण्याआधी तपासलं. ती पत्रकं नमुन्यांत ठेवणार नाही.

२६ नोव्हेंबर

साइट सुरू केली. सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं, फुकट. नव्वद दिवसांचं असतं, आपोआप नवं होतं की नाही ते फेब्रुवारीत पाहायचं. गूगलच्या सर्च कन्सोलला (साइट शोधात कशी दिसते ते तिथं कळतं) साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, दिली.

लिंक पहिल्यांदा त्या पुण्याच्या बाईंना पाठवली. काम गेलं ते गेलं, पण त्यांनी मागितली होती.

३ डिसेंबर

हिंगणघाटच्या छापखान्यातून काकूंच्या पाकिटाचा नमुना आला. फोटो पाहून पोटात धस्स झालं. 'उन्हावाऱ्यात'चं 'उन्हावार्यात'. 'शिजवली'ची वेलांटी श सोडून आधीच्या शब्दाला चिकटलेली. 'वाळवली'तला ळ गायब.

कारण कळलं. मी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर आणि वेबवर चालणाऱ्या आजच्या पद्धतीत, पाठवला. त्यांच्याकडचं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, त्यात युनिकोड मराठी नीट बसत नाही, म्हणून ते जुन्या फाँटमध्ये रूपांतर करतात. रूपांतरात आपला ऱ्य पहिला बळी जातो. अनेक छापखान्यांत असंच चालतं, आणि म्हणून आपल्याकडच्या लग्नपत्रिकांवर, फलकांवर 'दुसर्या', 'तिसर्या' दिसतं. लिहिणाऱ्याला येत नाही असं वाचणाऱ्याला वाटतं. येत असतं. वाटेत मोडतं.

अकरा जणींचं पाकीट असं जाऊ द्यायचं नाही. मजकूर माझ्याकडेच पाकिटाच्या मापात मांडला, अक्षरांचं आकृतीत रूपांतर केलं, आणि तशी पीडीएफ दिली. त्यात फाँट उरतच नाही, त्यामुळे मोडायला काही राहत नाही. छापखान्याचे भाऊ म्हणाले, "असं देत जा नं बाई, आमचंही काम वाचते."

७ डिसेंबर

साइटवर कामांच्या यादीत एक ओळ वाढवली: 'छापखान्यासाठी तयार फाइल देते आणि छापण्याआधीचा शेवटचा नमुना स्वतः वाचते.' पाकिटाच्या दरातच, वेगळे पैसे नाहीत.

सर्च कन्सोलमध्ये अकरा दिवसांत चौदा वेळा साइट शोधात दिसली. त्यांतल्या नऊ वेळा शोध मराठीचा, पण रोमन अक्षरांत टाइप केलेला: 'हळद पाकीट मजकूर', 'मसाला लेबल मराठी'. हळदीच्या पानाच्या वर्णनात 'लेबल' हा शब्द नव्हता, तो आज घातला. मी 'पाकीट' म्हणते, लोक 'लेबल' म्हणतात.

९ डिसेंबर, सोमवार

सकाळी फोन, यवतमाळ जिल्ह्यातून. जवसाची चटणी करणारं एक जोडपं. हळदीचं पान त्यांनी वाचलं होतं, पूर्ण. त्यांच्या लेबलवर 'हृदयविकार बरा करते' असं छापलं आहे, पाचशे पाकिटं पडून आहेत, आता काय करायचं? मी म्हटलं, आधी छपाई थांबवा, मग सावकाश सांगा चटणी कशी करता. वहिनी बोलायला लागल्या. मी वही ओढली. इसार दुपारी आला.

काकूंच्या पाकिटाचा दुसरा नमुना उद्या तयार आहे. सकाळच्या एसटीनं हिंगणघाट. भिंग सोबत घ्यायचं. मागच्या बाजूचे चौदा आकडे फार बारीक आहेत.